थायरॉइडची गोळी, कॅल्शियम आणि मधले चार तास

सांगली जिल्ह्यातल्या एका ताईंचं पत्र आलं आहे. नाव न छापण्याची त्यांची विनंती आहे. पत्र मोठं होतं, मुद्द्याचा भाग इथे देते.

"माझं वय ५८. बारा वर्षांपासून थायरॉइडची ५० ची गोळी चालू आहे आणि सहा वर्षांपासून बीपीची. गेल्या दिवाळीच्या आधी फराळाच्या गडबडीत ओल्या मोरीत पाय घसरला आणि उजवं मनगट मोडलं. प्लास्टर निघाल्यावर हाडांच्या डॉक्टरांनी कॅल्शियमची गोळी सकाळ-संध्याकाळ आणि आठवड्याला व्हिटॅमिन डीचं एक पाकीट लिहून दिलं. तेव्हापासून ते चालूच आहे, आता आठ महिने होऊन गेले. धाकटी बहीण अमेरिकेत असते. तिने कॅल्शियमची मोठी बाटली पाठवली, ती वाया जाऊ नये म्हणून त्यातली एक दुपारी घेते. पित्तासाठी सकाळी पॅन्टोप्रॅझोल आणि रात्री कामदुधा. फेब्रुवारीत टीएसएच ९ आला म्हणून डॉक्टरांनी थायरॉइडची गोळी ७५ ची केली. जूनमध्ये पुन्हा ८ च्या वर, आता १०० ची केली आहे. पोट साफ होत नाही, दिवसभर मरगळ असते. यजमान म्हणतात, कॅल्शियमने हृदयाच्या नसा बंद होतात असं मोबाइलवर आलंय, सगळं बंद कर. शेजारच्या काकू म्हणतात, गोळ्या सोड आणि गव्हाच्या दाण्याएवढा चुना दह्यातून खा. सकाळच्या सगळ्या गोळ्या मी एकदमच घेते, म्हणजे विसरायला होत नाही. आता मी काय करू?"

ताई,

तुमच्या पत्रातल्या शेवटून दुसऱ्या वाक्यापाशी मी थांबले. सकाळच्या सगळ्या गोळ्या एकदमच घेते, असं तुम्ही सहज लिहून गेलात. तुमचा टीएसएच, म्हणजे थायरॉइड कमी पडलं की रक्तात चढणारा तो आकडा, खाली का येत नाही, याचं कारण बहुतेक तिथेच आहे.

थायरॉइडची गोळी, म्हणजे थायरॉक्सिन, फार नाजूक मात्रेचं औषध आहे. त्यातले ५०, ७५, १०० हे आकडे मायक्रोग्रॅमचे. कॅल्शियमच्या गोळीवरचा ५०० हा आकडा मिलिग्रॅमचा. तुमच्या जुन्या ५० च्या गोळीतल्या औषधाच्या दहा हजार पट कॅल्शियम त्या एका गोळीत असतं. दोन्ही एकाच घोटाबरोबर पोटात गेलं की कॅल्शियम थायरॉक्सिनला धरून ठेवतं. असं धरलेलं थायरॉक्सिन आतड्यातून रक्तात शिरत नाही, तसंच शरीराबाहेर निघून जातं. बारा वर्षं ५० च्या गोळीवर तुमचं व्यवस्थित चाललं होतं. मनगट मोडल्यावर कॅल्शियम सुरू झालं आणि पुढच्या दोन महिन्यांत टीएसएच ९ वर गेला. तुमचा थायरॉइड अचानक बिघडला असेल असं मला वाटत नाही. गोळी पोटात जात होती, पण पूर्ण अंगी लागत नव्हती. मरगळ आणि बद्धकोष्ठता हीसुद्धा थायरॉइड कमी पडल्याचीच लक्षणं आहेत. त्यात कॅल्शियम कार्बोनेटने मुळातच पोट जड होतं, म्हणजे दोन्ही बाजूंनी त्रास.

म्हणून उद्यापासून एक बदल करा. सकाळी उठल्यावर फक्त थायरॉइडची गोळी, साध्या पाण्याबरोबर, रिकाम्या पोटी. त्यानंतर निदान अर्धा तास, जमल्यास तासभर, चहासुद्धा नाही. कॅल्शियम त्यानंतर कमीत कमी चार तासांनी. सोपं जावं म्हणून ते दुपारच्या जेवणाला जोडून टाका. ताटावरून उठायच्या आधी गोळी, अशी सवय लावली की विसरायला होणार नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. हा बदल गुपचूप करू नका. ज्या दिवशी वेळा बदलाल त्याच दिवशी थायरॉइडच्या डॉक्टरांना फोन करून सांगा. तुमची गोळी ५० वरून १०० वर गेली ती पूर्ण अंगी लागत नव्हती म्हणून. कॅल्शियम बाजूला झालं की तीच १०० ची गोळी अंगी लागायला लागेल आणि मात्रा जास्त होण्याची शक्यता आहे. थायरॉक्सिन जास्त झालं की छातीत धडधडतं, हात थरथरतात, झोप उडते. आणि हे फार थोड्या लोकांना माहीत असतं की जास्तीचं थायरॉक्सिन हाडं झिजवतं, पाळी गेलेल्या बाईची तर जास्तच. म्हणजे हाड भरून यावं म्हणून सुरू केलेलं कॅल्शियम, त्यामुळे वाढवलेली थायरॉइडची गोळी आणि त्या गोळीने पुन्हा हाडाला धोका, असं हे फिरून तिथेच येतं. मात्रा कमी करायची का, किती आणि कधी, हे डॉक्टर ठरवतील. तुम्ही स्वतःहून गोळीचे तुकडे करू नका. वेळा बदलल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच पुन्हा तपासा. त्याच्या आधी तपासून उपयोग नसतो, रक्तातली पातळी स्थिरावायला तेवढे दिवस लागतात.

तुमच्या डॉक्टरांची यात मला फारशी चूक दिसत नाही. त्यांच्यासमोर टीएसएचचा आकडा होता, कॅल्शियमची पट्टी नव्हती. औषधाच्या दुकानात काउंटरमागे उभी राहून मला ३१ वर्षं झाली. आणखी काही औषधं चालू आहेत का, असं मी प्रत्येकाला विचारते. उत्तर ठरलेलं असतं, "नाही हो, बाकी काही नाही." मग पैसे देता देता, "हां, ते कॅल्शियम तेवढं आहे. पण ती काय शक्तीची गोळी." कॅल्शियमला कोणी औषध मानतच नाही आणि सगळी अडचण इथूनच सुरू होते. लाल रेघेची पट्टी चिठ्ठीशिवाय मिळत नाही, निदान मिळू नये. कॅल्शियम मात्र दुकानात कुणीही मागावं. कितीतरी ब्रँड तर औषधाच्या नव्हे, अन्नपदार्थाच्या परवान्यावर विकले जातात. त्यांच्या डब्यावर एफएसएसएआयचा चौदा आकडी क्रमांक असतो. असा डबा हातात घेतला की हे दूध-दह्यासारखंच काहीतरी आहे असं वाटणं साहजिक आहे. पण पोटात गेल्यावर त्याचं वागणं औषधासारखंच असतं.

आता तुमच्या पोटात रोज किती कॅल्शियम जातं ते मोजू. इंडियन कौन्सिल ऑफ मेडिकल रिसर्चच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे प्रौढ माणसाला दिवसाला १००० मिलिग्रॅम आणि पाळी गेलेल्या बाईला १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. हा आकडा जेवणाखाण्यासकट आहे, एकट्या गोळ्यांचा नाही. तुमच्या पट्टीच्या मागे बारीक अक्षरात कॅल्शियम कार्बोनेट १२५० मिलिग्रॅम आणि त्याखाली एलिमेंटल कॅल्शियम ५०० मिलिग्रॅम असं लिहिलेलं असेल. आपल्या कामाचा आकडा ५००. कार्बोनेटच्या वजनात कॅल्शियम ४० टक्केच असतं, कॅल्शियम सायट्रेट या दुसऱ्या प्रकारात २१ टक्के. तर सकाळ-संध्याकाळ मिळून तुमचे १००० झाले. बहिणीच्या बाटलीवर बहुधा ६०० लिहिलेलं असेल. तिथल्या लेबलवर एक गोष्ट नीट बघावी लागते. वर मोठ्या अक्षरात दिलेला आकडा कधी एका गोळीचा असतो, कधी दोन गोळ्या मिळून असतो. एकीचा धरला तरी १६०० झाले. दोन वेळचा चहा, कपभर दूध, जेवणात वाटीभर दही किंवा ताक, यांचे ४००-५०० सहज होतात, कारण १०० मिलिलिटर गाईच्या दुधात साधारण १२० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. म्हणजे तुम्ही २००० च्या पुढे गेला आहात. पन्नाशीनंतर दिवसाला २००० मिलिग्रॅम ही वरची मर्यादा धरतात.

अजून कामदुधा राहिलंच. त्यात मोती, प्रवाळ, शंख, शिंपला, कवडी यांची भस्मं असतात आणि ती सगळी कॅल्शियमचीच रूपं आहेत. पित्त शमतं ते काही अंशी त्यामुळेच. कामदुधा वाईट आहे असं मी म्हणत नाही, माझ्या आजीच्या फडताळात ते कायम असायचं. पण ते कॅल्शियमच्या हिशोबात धरा, थायरॉइडच्या गोळीपासून लांब ठेवा, आणि तुम्ही ज्या वैद्यांकडून घेता त्यांना आता बाकीच्या गोळ्यांची यादी दाखवा. पोट जळजळलं की आपण चघळतो त्या अँटासिडच्या गोळ्यांना आणि गुलाबी-पांढऱ्या पातळ औषधांनाही हाच नियम लागू, थायरॉक्सिनपासून चार तास लांब.

बहिणीची बाटली आजच बंद करा. तिने मायेने पाठवली आहे हे मला कळतं, आणि वाया घालवायचं नाही हे आपल्या हाडामांसात आहे. पण गरज नसताना गिळलेली गोळीसुद्धा वायाच जाते, वर मूत्रपिंडाला ती गाळत बसावी लागते.

डॉक्टरांनी दिलेल्या दोन गोळ्यांचं मात्र त्यांना विचारूनच ठरवा. दोन्हींची अजून गरज आहे की आहारातून एवढं मिळत असताना एक पुरे, हे त्यांना विचारा. तोवर एक दुपारच्या आणि एक रात्रीच्या जेवणाबरोबर घ्या. कॅल्शियम कार्बोनेट विरघळायला पोटात आम्ल लागतं आणि ते जेवताना तयार होतं, म्हणून ही गोळी रिकाम्या पोटी कधीच नको. दोन एकदम घेऊनही फायदा नाही, एका वेळी ५०० मिलिग्रॅमच्या वर गेलं की शरीर त्यातलं कमी कमी घेत जातं. एकादशीला किंवा संकष्टीला जेवण चुकलं तर त्या वेळची गोळी राहिली तरी काही बिघडत नाही. दुसऱ्या दिवशी दुप्पट मात्र घेऊ नका.

इथेच पॅन्टोप्रॅझोलचा विषय येतो. ती गोळी आम्ल कमी करते आणि कार्बोनेटला आम्ल हवं असतं. शिवाय या जातीच्या गोळ्या वर्षानुवर्षं घेणाऱ्यांमध्ये हाड मोडण्याचं प्रमाण जास्त दिसलं आहे, आणि थायरॉक्सिनचं शोषणही त्यांनी थोडं घटू शकतं. तुम्हाला ती कोणी लिहून दिली आणि किती दिवसांसाठी, हे पत्रात नाही. कुणीच लिहून दिली नसेल तर नवल नाही, ती आमच्या काउंटरवर नाव घेऊन मागितली जाते. एकदम बंद केलीत तर पित्त उसळेल, म्हणून डॉक्टरांना विचारून हळूहळू कमी करा. चालू ठेवणं भागच असेल तर कार्बोनेटऐवजी सायट्रेट चालेल का ते विचारा. सायट्रेटला आम्लाची तेवढी गरज नसते.

व्हिटॅमिन डीच्या पाकिटाबद्दल मला जरा जास्त सांगायचं आहे, कारण ते माझ्या घरात घडलं आहे. काही वर्षांपूर्वी मी आठवडेच्या आठवडे बाहेरगावी होते. आईच्या चिठ्ठीवर डॉक्टरांनी आठवड्यातून एकदा असंच लिहिलं होतं. पाकिटं दुसऱ्या दुकानातून आली. देणाऱ्याने त्यांवर काही लिहून दिलं नाही, तोंडी सांगितलं असेल तर ते आईच्या लक्षात राहिलं नाही. तिने रोज रात्री एक पाकीट कोमट दुधात ढवळून घेतलं. पाच आठवड्यांत ६०,००० युनिटांची ३५ पाकिटं, म्हणजे २१ लाख युनिट. मी परतले तेव्हा आई दारात आली नाही. पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडली होती, उशाशी पाण्याचा तांब्या, तोही रिकामा. तिला सारखी तहान लागत होती, अन्नाचा वास नको झाला होता, आणि मला तिने माझ्या मावशीच्या नावाने हाक मारली. रक्तातलं कॅल्शियम १३ च्या वर गेलं होतं. सलाइनवर काही दिवस काढावे लागले आणि पूर्ण उतरायला कितीतरी आठवडे गेले, कारण हे जीवनसत्त्व चरबीत साठतं, लघवीवाटे चटकन निघून जात नाही. कपाटात रिकामी पाकिटं तिने रबर लावून नीट ठेवली होती, ती मी मोजली. औषधं देणं हेच माझं काम आणि माझ्याच आईच्या बाबतीत हे झालं. तेव्हापासून आठवड्याचं कोणतंही औषध देताना त्यावर वार लिहिल्याशिवाय मी ते हातात देत नाही. रविवार म्हणजे रविवार. संधिवातासाठी दिलं जाणारं मेथोट्रेक्सेटही असंच आठवड्याचं असतं, आणि ते रोज घेतलं गेलं तर जीवावर बेततं.

तुम्ही पाकीट बरोबर आठवड्यालाच घेतलंत. पण आठ महिन्यांत तुमचीही साधारण तेवढीच पाकिटं झाली. ६०,००० युनिटांचं पाकीट सहसा आठ आठवडे आठवड्याला आणि मग महिन्याला एक असं देतात. तुमच्या डॉक्टरांनी पुन्हा भेटायला सांगितलं असेल आणि ते राहून गेलं असेल. आठवड्याला ६०,००० म्हणजे रोजचे साडेआठ हजारांहून जास्त, आणि लांब पल्ल्यासाठी रोजची मर्यादा ४००० धरतात. पुढचं पाकीट घेण्याआधी डॉक्टरांना फोन करा. रक्तातलं व्हिटॅमिन डी, कॅल्शियम आणि मूत्रपिंडाचं काम दाखवणारं क्रिएटिनिन या तीन तपासण्या करून घ्यायच्या का, असं विचारा. माझ्या मते कराव्यात. तहान खूप लागणं, लघवीला सारखं जावं लागणं, मळमळ, भूक मरणं, बोलताना गोंधळ होणं, यातलं काही दिसलं तर फोनची वाट बघू नका, त्याच दिवशी दवाखान्यात जा.

बीपीच्या गोळीची पट्टी आता हातात घ्या. ब्रँडच्या नावापुढे एच किंवा सीटी अशी अक्षरं आहेत का? आतल्या औषधांत हायड्रोक्लोरोथायाझाइड किंवा क्लोरथॅलिडोन लिहिलं आहे का? ही लघवी वाढवणारी औषधं आहेत, पण कॅल्शियम मात्र लघवीतून जाऊ देत नाहीत, शरीरात राखून ठेवतात. बीपीसाठी ती चांगलीच आहेत, बंद करायची नाहीत. पण वरून भरपूर कॅल्शियम आणि भरपूर डी मिळत असेल तर रक्तातलं कॅल्शियम चढायला वेळ लागत नाही. म्हणून वरची रक्ततपासणी तुमच्यासाठी जास्त गरजेची. मनगट ठणकलं की तुम्ही दुखीची गोळी घेता का तेही लिहिलेलं नाही. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन या गोळ्या बीपी वाढवतात, आणि बीपीच्या अशा गोळ्यांबरोबर मूत्रपिंडावर ताण आणतात. एखाद्या दिवशी दुखलंच तर साधी पॅरासिटामॉल बरी. मात्र सर्दीच्या आणि अंगदुखीच्या कितीतरी तयार गोळ्यांत पॅरासिटामॉल आधीच असतं, ते मागे वाचून बघा, दोनदा जायला नको.

यजमानांना सांगा की त्यांना आलेला निरोप अगदी हवेतून आलेला नाही. न्यूझीलंडच्या संशोधकांनी २०१० मध्ये अनेक चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र करून कॅल्शियमच्या गोळ्या घेणाऱ्यांत हृदयविकाराचे झटके थोडे जास्त दिसल्याचं मांडलं होतं. त्यावर बरीच वर्षं वाद झाला. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या हाडांच्या आणि हृदयाच्या तज्ज्ञ संस्थांनी मिळून सांगितलं की अन्न आणि गोळ्या मिळून २००० ते २५०० मिलिग्रॅमच्या आत राहिलं तर हृदयाला धोका दिसत नाही. मला यातून एवढंच घ्यावंसं वाटतं की लागेल तेवढं घ्यावं आणि शक्य तितकं ताटातून घ्यावं. मुतखड्याचं मात्र पक्कं ठाऊक आहे. अमेरिकेत ३६,००० हून जास्त पाळी गेलेल्या बायकांवर सात वर्षं चाललेल्या चाचणीचे निष्कर्ष २००६ मध्ये आले. त्यात कॅल्शियम आणि डी घेणाऱ्यांत मुतखडे १७ टक्क्यांनी जास्त निघाले. दूध-दह्यातल्या कॅल्शियमने उलट खड्याचा धोका कमी होतो, कारण ते भाजीतल्या ऑक्झॅलेटला, म्हणजे खडा बनवणाऱ्या घटकाला, आतड्यातच अडवतं. गोळी जेवणाबरोबर घ्यायचं हेही एक कारण.

आणि चुना नाही. कृपा करून नाही. काकूंचा हेतू चांगला आहे आणि चुन्यात कॅल्शियम असतं हेही खरं. पण तो दाहक क्षार आहे, तोंड, अन्ननलिका, जठर, जिथे लागेल तिथे भाजतो. गव्हाचा दाणा कोणाचा केवढा, याला माप नाही, आणि तो कशासाठी तयार केला, त्यात काय मिसळलं, हे डबीवर लिहिलेलं नसतं. घरात नातवंडं असतील तर चुन्याची पुडी किंवा ट्यूब त्यांच्या हाताला लागेल अशी ठेवूच नका. डोळ्यात उडालेल्या चुन्याने दृष्टी जाते. असं मूल कडेवर घेऊन आलेली आई मी दुकानाच्या पायरीवर पाहिली आहे. डोळा उघडून नळाखाली धरायला सांगून मी तिला तशीच दवाखान्यात पाठवलं.

चुन्याऐवजी ताटाकडे बघा. सांगलीकडे भाकरी ज्वारीची. ज्वारी उत्तमच, पण १०० ग्रॅम ज्वारीत कॅल्शियम तीस मिलिग्रॅमही नसतं आणि नाचणीत साडेतीनशेच्या आसपास असतं. आठवड्यातून तीन-चार वेळा नाचणीची भाकरी, नाहीतर उन्हाळ्यात ताकातली अंबील करा. तिळाची चटणी रोज चमचा-दोन चमचे. त्यासाठी तीळ पॉलिश न केलेले घ्या, कारण कॅल्शियम बरंचसं टरफलात असतं. शेवग्याचा पाला तुमच्या भागात फुकट मिळतो, त्याची भाजी मुगाच्या डाळीत छान होते. मासे खात असाल तर मांदेलीसारखे काट्यासकट खाल्ले जाणारे बारीक मासे आणि सुकट. पालक आणि अळू खा, पण कॅल्शियमसाठी त्यांच्यावर विसंबू नका, त्यांच्यातलं ऑक्झॅलेट ते बांधून ठेवतं.

आता जे तुम्ही विचारलंच नाही ते. वयाच्या ५८ व्या वर्षी, चालता चालता घसरून मनगट मोडलं, याचा अर्थ हाड आधीच विरळ झालेलं असू शकतं. ते कॅल्शियम आणि डीने एकट्याने भरून निघत नाही. हाडांच्या डॉक्टरांना डेक्सा स्कॅनबद्दल विचारा. कमरेच्या आणि खुब्याच्या हाडाची घनता त्यात कळते. टी-स्कोअर उणे २.५ किंवा त्याखाली आला तर त्याला ऑस्टिओपोरोसिस म्हणतात आणि त्याची वेगळी औषधं आहेत. आठवड्याची ॲलेन्ड्रोनेट दिली तर तिचेही नियम आहेत. सकाळी रिकाम्या पोटी ग्लासभर साधं पाणी, नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही, नाहीतर अन्ननलिका सोलवटते, आणि कॅल्शियम त्या वेळी अजिबात नाही. थायरॉइडची गोळी आणि ही, दोन्ही सकाळच्याच, म्हणून त्या दिवसाची वेळ डॉक्टरांकडून लिहूनच घ्या. मधल्या काळात कधी लघवीच्या किंवा छातीच्या जंतुसंसर्गासाठी सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा डॉक्सिसायक्लिन दिलं, तर त्या पाच-सात दिवसांपुरतं कॅल्शियम थांबवू का, असं विचारा. कॅल्शियम त्यांनाही असंच धरून ठेवतं. घरात सूनबाई किंवा लेक रक्तवाढीची लोहाची गोळी घेत असेल, तर तिलाही सांगा की लोह आणि कॅल्शियम एका वेळी नको, मध्ये निदान दोन तास असू देत. बद्धकोष्ठतेसाठी इसबगोल घेणार असाल तर भरपूर पाण्याबरोबर घ्या आणि बाकीच्या गोळ्यांपासून तोही लांब ठेवा.

दवाखान्यात जाताना यादी नका नेऊ, पिशवी न्या. सगळ्या पट्ट्या, पाकिटं, बहिणीची बाटली, कामदुधा, इसबगोल, बाम सोडून घरात जे काही आहे ते. पट्टी कापताना नाव आणि मुदतीची तारीख असलेलं टोक शेवटपर्यंत ठेवा. एक आजी माझ्याकडे श्रीखंडाचा डबा घेऊन यायच्या. त्यात सगळ्या कापलेल्या चौकोनी गोळ्या, पांढऱ्या, गुलाबी, पिवळ्या, आणि एकाही तुकड्यावर नाव नाही. त्या रंगावरून घ्यायच्या. मग त्यांच्या बीपीच्या गोळीची कंपनी बदलली आणि रंगही बदलला. आठवडाभर त्यांनी बीपीची म्हणून साखरेची गोळी दुप्पट घेतली. एका सकाळी दुकानासमोरच त्यांना घाम फुटून चक्कर आली, तेव्हा हे कळलं. त्यांना आम्ही तिथेच बाकावर बसवून साखरपाणी पाजलं. थायरॉइडची गोळी बाटलीतली असेल तर झाकण घट्ट लावा आणि बाटली फ्रिजच्या माथ्यावर, गॅसच्या कट्ट्याजवळ किंवा उन्हाच्या खिडकीत ठेवू नका. उष्णता, उजेड आणि दमट हवा, तिन्हींनी तिचा कस उतरतो. कोणत्याही औषधाने त्रास झाला असं वाटलं, तर डॉक्टरांना सांगाच, शिवाय १८००-१८०-३०२४ या सरकारी निःशुल्क क्रमांकावरही कळवता येतं. सामान्य माणसानेही फोन केला तरी ते नोंदवून घेतात.

तेव्हा उद्या सकाळी पाण्याबरोबर एकटी थायरॉइडची गोळी. चहा तासाभराने. न्याहारीनंतर बीपीची. कॅल्शियम जेवणाबरोबर. आणि दवाखाना उघडला की पहिला फोन. सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच कराल तेव्हा आकडा मला कळवा, आणि गोळी किती मायक्रोग्रॅमवर आली तेही.